पॉन एंडिंगमधली स्पेस: प्यादी कधी ढकलायची आणि कधी हात आवरायचा

बुद्धिबळाच्या मिडलगेममध्ये, म्हणजे डावाच्या मधल्या टप्प्यात, स्पेस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपली प्यादी पुढे, समोरच्याचे घोडे-उंट एकमेकांच्या पायात, त्याला हलायला जागा नाही आणि आपण निवांत. पण सगळी मोहरी मारामारीत गेली, पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी उरली, म्हणजे पॉन एंडिंग आली, की त्या स्पेसचं पुढे काय होतं हे फार कमी जण नीट बघतात. पुण्यातल्या क्लासांमध्ये आणि रविवारच्या रॅपिड टुर्नामेंटमध्ये मला यावर दोन ठाम पार्ट्या दिसतात, एक म्हणते प्यादी पुढे आहेत म्हणजे डाव खिशात, दुसरी म्हणते पुढे गेलेलं प्यादं म्हणजे समोरच्याच्या राजाला आयता खाऊ. दोघंही आपापल्या जिंकलेल्या डावांचे दाखले देतात आणि चहा संपेपर्यंत भांडतात.

माझं मत सरळ आहे. पॉन एंडिंगमध्ये स्पेस प्यादी मिळवतात पण ती वापरतो राजा. पुढचं प्यादं तुमच्या राजाला आत शिरायला वाट करून देत असेल किंवा समोरच्याची दोन-दोन प्यादी जागच्या जागी बांधून ठेवत असेल तर ती खरी स्पेस. नाहीतर तुम्ही नुसत्या चाली खर्च केल्या, आणि या एंडिंगमध्ये चाल हीच पैशासारखी मोजून वापरायची गोष्ट आहे. आता हे एकेक करून बघू. पट मांडून बसा, मोबाईलवर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाईटचा अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडला तरी चालेल, नुसतं वाचून यातलं काही डोक्यात राहत नाही. रेटिंग बाराशे ते सतराशेच्या मधे कुठेतरी असेल तर हे तुमच्यासाठीच आहे.

आधी की स्क्वेअर्स, त्याशिवाय पुढे जाऊ नका

एकच प्यादं आणि दोन राजे. पांढरं प्यादं ई4 वर असेल तर पांढऱ्या राजाने डी6, ई6, एफ6 यातलं कुठलंही एक घर पकडलं की डाव जिंकला, मग चाल कुणाची का असेना. यांनाच की स्क्वेअर्स म्हणतात, प्याद्याच्या दोन ओळी पुढची तीन घरं. प्यादं ई3 वर असेल तर डी5, ई5, एफ5. ई2 वर असेल तर चौथ्या ओळीवरची तीन.

आता गंमत बघा. प्यादं ई5 वर गेलं की नियम बदलतो. तेव्हा डी6, ई6, एफ6 तर आहेतच, शिवाय डी7, ई7, एफ7 पण. तीनाची सहा घरं झाली! म्हणजे प्याद्याने पटाची मधली रेघ ओलांडली की राजाला जिंकायला दुप्पट जागा मिळते. स्पेस म्हणजे काय याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही.

पण यातच एक खाच आहे. ई5 ची सहा घरं चांगली म्हणून लोक राजा मागे ठेवून प्यादं ढकलत सुटतात, मग समोरचा राजा प्याद्यापुढे येऊन बसतो आणि डाव ड्रॉ. राजा पुढे, प्यादं मागून, हा क्रम मोडायचा नाही. प्याद्याची चाल नेहमी नंतर करता येते, गेलेली चाल परत घेता येत नाही.

ए आणि एच फाईलची, म्हणजे कडेच्या उभ्या रांगांमधली, प्यादी यात धरू नका. ए-प्याद्याला की स्क्वेअर्स दोनच, बी7 आणि बी8, समोरचा राजा कोपऱ्यात पोचला की तुमचं प्यादं कितीही पुढे असू दे, ड्रॉ.

ई5 विरुद्ध ई6: खरा धडा इथे आहे

पांढरं प्यादं ई5, काळं ई6, एकमेकांना अडून बसलेली. बाकी फक्त राजे. प्यादी दोघांकडे सारखी, पण स्पेस पांढऱ्याकडे. याचा उपयोग काय?

अडकलेल्या प्याद्यांचा नियम असा: समोरच्या प्याद्याच्या ओळीवर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन घरांपैकी एकावर तुमचा राजा पोचला की ते प्यादं पडतं. म्हणजे ई6 साठी बी6, सी6, डी6 आणि एफ6, जी6, एच6. मांडून बघा, पांढरा राजा बी6, काळा डी7, चाल पांढऱ्याची. राजा बी7! आता काळ्याला हलावंच लागतं. तो डी8 ला गेला, आपण सी6. तो ई7, आपण सी7. तो ई8, आपण डी6. तो एफ7 वरून ई6 राखतो, आपण डी7. आता तो कुठेही जाऊ दे, ई6 आपलं. आणि खाल्ल्यावर आपला राजा सहाव्या ओळीवर, प्यादं त्याच्या मागे पाचव्यावर, ही पोझिशन चाल कुणाचीही असली तरी जिंकलेली.

आता उलटं करा. समजा काळ्या राजाने आत घुसून आपलं ई5 खाल्लं. त्याचा राजा ई5 वर, प्यादं ई6 वर. आपला राजा डी3 वर होता, आपण शांतपणे ई3. समोरासमोर राजे, मधे एक घर, चाल काळ्याची. तो एफ5, आपण एफ3. तो डी5, आपण डी3. ड्रॉ! पूर्ण प्यादं गमावून ड्रॉ. कारण त्याचा राजा त्याच्या बाजूने मोजला तर चौथ्याच ओळीवर आहे, आपला तिकडे सहाव्यावर होता.

हे पुन्हा एकदा वाचा, कारण सगळा लेख इथे आहे. तीच दोन प्यादी, तोच राजा, पण ई6 पडलं तर आपण जिंकतो आणि ई5 पडलं तर बहुतेक वेळा वाचतो, फक्त आपला राजा आपल्या प्याद्याच्या मागे, जवळच पाहिजे. स्पेसवाल्याला रिस्क कमी आणि फायदा जास्त, तो असा.

राजे असे मधे एक घर ठेवून समोरासमोर येतात त्याला ऑपोझिशन म्हणतात हे माहीत असेलच. पेठेतल्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्यावर जसं कुणीतरी एकाने मागे घ्यावीच लागते तसं, फक्त पटावर कोण मागे घेणार हे चाल कुणाची आहे त्यावर ठरतं, आवाज कुणाचा मोठा आहे त्यावर नाही.

डी6 चा सापळा

वरचा नियम शिकला की पोरं हमखास इथे पडतात. प्यादी तीच, ई5 आणि ई6. पांढरा राजा सी7, काळा जी5, चाल आपली. हात आपोआप डी6 वर जातो, ई6 ला अटॅक करू म्हणून. काळा एफ5! आता दोन्ही राजे एकमेकांच्या प्याद्याला चिकटलेत आणि आपापलं प्यादं राखतायत, ज्याची चाल तो मेला, आणि चाल आपली आहे. राजा हलवावाच लागतो, ई5 जातं आणि इथे आपला राजा त्याच्या प्याद्याच्या वाटेत नसल्यामुळे ड्रॉसुद्धा नाही, सरळ हार.

बरोबर चाल राजा डी7! काळ्याने एफ5 करून ई5 ला अटॅक केला की मग डी6. आता तीच पोझिशन, पण चाल त्याची. तो हलला की ई6 गेलं आणि डाव संपला. म्हणून लक्षात ठेवायचं, समोरचा राजा तुमच्या प्याद्याला चिकटायला एका चालीच्या अंतरावर असेल तर आपण आधी चिकटायचं नाही, त्याला आधी येऊ द्यायचं.

हातातल्या जादा चाली

हा भाग सगळ्यात कमी शिकवला जातो आणि क्लब लेव्हलला सगळ्यात जास्त अर्धे पॉइंट इथे जातात, त्यामुळे जरा लांबण लागली तरी चालेल.

पांढरा: राजा सी5, प्यादी ई5, एच4. काळा: राजा सी7, प्यादी ई6, एच6. चाल पांढऱ्याची.

कोथरूडच्या बॅचमध्ये हे मांडलं की साधारण असं होतं.

"सर, राजा बी5."

"तो बी7 करेल. मग?"

"मग परत सी5."

"तो परत सी7. अरे, दिवसभर हेच करणारेस का तू?"

"मग ड्रॉ आहे सर."

"एच-प्यादं कशाला ठेवलंय तिथे, शोभेला?"

मग पाच सेकंद शांतता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं, "एच5!"

बरोबर. एच5 केलं की काळ्याचं एच6 अडकलं, त्याच्याकडे प्याद्याची एकही चाल नाही, राजा हलवायलाच पाहिजे. डी7 ला गेला तर आपण बी6 आणि वरचा नियम लागू. बी7 ला गेला तर डी6 आणि ई6 गेलंच. डी8 केलं तर डी6, पुढे ई6. सगळीकडून जिंकलेलं.

आता हाच पट, पण समजा आपण दहा चालींपूर्वी "स्पेस घेऊ" म्हणून एच5 खेळून मोकळे झालो होतो आणि त्याने एच6 करून अडवलंय. राजे सी5 आणि सी7, चाल आपली. आता काय? काही नाही. बी5 केलं तर बी7, डी4 ला मागे आलो तर तो डी8, तिथून परत सी5 तर परत सी7. किंगसाईडने, म्हणजे ई ते एच फाईलच्या बाजूने, जाऊ म्हटलं तर एफ5 आणि डी5 घरं ई6 ने धरलीत, जी5 एच6 ने धरलंय, आपला राजा पाचव्या ओळीवर तिकडून चढूच शकत नाही. ड्रॉ. प्यादी कुठल्या घरांवर उभी आहेत ते जिंकलेल्या डावात आणि या डावात शेवटी सारखंच दिसतं, फरक एवढाच की एकात एच5 ची चाल योग्य वेळेला खिशातून काढली आणि दुसऱ्यात आधीच उडवली.

तर पायरी अशी घ्यायची. पट दोन भागांत वाटा. जिथे राजे भिडलेत तो भाग, तिथे स्पेस घ्या, पाचवी ओळ गाठा, समोरच्या राजाला मागे रेटा. जिथे राजे नाहीत तिथे प्याद्यांना हात लावू नका, त्या तुमच्या जादा चाली आहेत. त्या मोजा, त्याच्याही मोजा. दुसऱ्या ओळीवरचं न हललेलं प्यादं सगळ्यात भारी, कारण ते एक घर जायचं की दोन हे तुम्ही ऐनवेळी ठरवू शकता, म्हणजे सम-विषम तुमच्या हातात.

आणि उलटी बाजू, तुम्हीच दाबलेले असाल तर घाबरून प्यादी हलवू नका. दाबलेल्या माणसाकडे बहुतेक वेळा जादा चाली जास्त असतात, कारण त्याची प्यादी अजून घरीच बसलेली असतात. तेवढ्यावर कित्येक डाव वाचतात.

ब्रेकथ्रू: इथे एक ओळसुद्धा फरक करते

ब्रेकथ्रू म्हणजे एक-दोन प्यादी देऊन उरलेलं एक पार पळवणं, हे बऱ्याच जणांना पाठ असतं पण अर्धवट. पांढरा: राजा जी1, प्यादी ए5, बी5, सी5. काळा: राजा जी5, प्यादी ए7, बी7, सी7. चाल पांढऱ्याची. बी6!! त्याने ए-प्याद्याने मारलं तर सी6!, बी-प्याद्याने सी6 मारलं की ए6 आणि प्यादं पळालं. त्याने सी-प्याद्याने बी6 मारलं तर ए6!, मग बी-प्याद्याने ए6 मारलं की सी6, राजा एफ6, सी7, राजा ई7, सी8 वजीर. काळा एका चालीने लेट.

तीच पोझिशन, चाल काळ्याची असेल तर तो लगेच बी6 करतो आणि सगळा खेळ खल्लास. म्हणजे स्पेस असली तरी ती वापरायची वेळ एकच चाल असते.

आता एक ओळ मागे घ्या. पांढरी ए4, बी4, सी4, काळी ए6, बी6, सी6, राजे तिथेच जी1 आणि जी5. प्याद्यांमधलं अंतर तेच, चित्र तेच दिसतं, म्हणून माणूस उत्साहात बी5 करतो. ए-प्याद्याने मारलं, सी5, बी-प्याद्याने मारलं, ए5, आता पळा! बी4, ए6, बी3, ए7, बी2, ए8 वजीर, बी1 वजीर आणि वर आपल्याला चेक. आपण दोन प्यादी वाटून टाकली आणि वजीर दोघांचे. पाचव्या ओळीवरून प्याद्याला वजीर व्हायला तीन चाली लागतात, चौथ्यावरून चार, एवढाच काय तो फरक, आणि त्यात जिंकलेला डाव हरलेला होतो.

अजून एक बघा. पहिल्याच पोझिशनमध्ये काळा राजा जी5 ऐवजी एफ6 वर ठेवा. आता बी6 ला त्याने ए-प्याद्याने मारलं तर तो अजूनही हरतो, पण सी-प्याद्याने मारलं तर वाचतो, कारण शेवटी सी6 झाल्यावर राजा ई7 ला येऊन प्यादं पकडतो. म्हणून ब्रेकथ्रू करायच्या आधी दोन्ही मार मोजायचे, एकच मोजून हात घालायचा नाही.

एक प्यादं, दोन कैदी

छोटी गोष्ट, पण फार कामाची. पांढरं प्यादं जी5 वर, काळी जी6 आणि एच7 वर, राजे लांब क्वीनसाईडला, ए ते डी फाईलच्या बाजूला. काळ्याकडे इथे दोन प्यादी आहेत, पण ती हलू शकत नाहीत. एच6 केलं तर आपण मारून एच6 वर येतो, वजीर दोन चालींवर, त्याच्या जी-प्याद्याला अजून पाच चाली. एच5 केलं तर एन पासंट मारायचं, म्हणजे दोन घरं उडी घेतलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं लगेच मारायचं, परिणाम तोच. म्हणजे आपण एकाने दोन बांधली, आणि एकूण प्यादी सारखी असतील तर दुसऱ्या बाजूला आपलं एक जादा आहे.

पण त्याचा राजा एफ5 ला पोचला आणि जी5 ला आधार नसेल तर चित्र फिरतं, आपलं प्यादं गेलं आणि त्याची दोन मोकळी. म्हणून असलं प्यादं रोवलं की त्याच्या राजाला तिकडे यायला किती चाली लागतात ते आधी मोजा. शक्य असेल तर एच4 चा टेकू ठेवा.

मोठ्या लोकांनी कसं केलं

एकच डाव बघायचा असेल तर 1909 चा सेंट पीटर्सबर्गचा एरिख कोन विरुद्ध अकिबा रुबिनस्टाईन बघा. रुबिनस्टाईन काळा, प्यादी सारखी, वरवर बघितलं तर हात मिळवून घरी जायची पोझिशन. पण त्याचा राजा चालत चालत थेट एच3 ला जाऊन बसतो, पांढरा राजा एच2 राखत कोपऱ्यात अडकतो, आणि मग काळी प्यादी सावकाश पुढे येतात. क्रम बघा, आधी राजाने जागा घेतली, मग प्याद्यांनी. आपण नेमकं उलटं करतो.

शेवटची मोहरी बदलायच्या आधी

पॉन एंडिंग जिंकायची की हरायची हे खरं तर ती सुरू व्हायच्या आधी ठरतं, शेवटचा हत्ती किंवा घोडा बदलता त्या चालीला. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री झाली होती, कोनेरू हम्पी जिंकली ती, तसल्या लेव्हलचे डाव रिप्ले करताना मी असल्या एक्स्चेंजपाशी कायम थांबतो आणि घड्याळातले वेळ बघतो. आपल्याकडे पोरं ती चाल सगळ्यात पटकन करतात, "मोहरी कमी झाली की सोपं झालं" म्हणून. सोपं होत नाही, फक्त परत फिरायची सोय संपते.

तेव्हा हात घालायच्या आधी स्वतःला विचारायचं: बदल झाल्यावर चाल कुणाची? माझा राजा पाचव्या ओळीवर आधी पोचतो की त्याचा चौथ्यावर? अडकलेली प्यादी कुठली, आणि त्यांच्या बाजूची तीन-तीन घरं कुणाला मिळतात? जादा चाली माझ्या किती, त्याच्या किती? कुठे ब्रेकथ्रू बसतोय का, मला किंवा त्याला? आणि सगळं मारामारीत गेलं आणि दोघं पळत सुटलो तर वजीर आधी कुणाचा, कुणाला चेक बसतो? घड्याळात दोन मिनिटं असतील तर निदान पहिले दोन आणि शेवटचा, बाकीचे सोडा. तीस सेकंदच असतील तर, खरं सांगतो, हत्ती ठेवा पटावर, बदलूच नका. हत्तीच्या एंडिंगमध्ये एक चूक बऱ्याचदा पोटात घातली जाते, पॉन एंडिंगमध्ये नाही.

सराव

वरच्या पोझिशन जोडीदाराबरोबर खेळा, दोन्ही बाजूंनी. ई5-ई6 वाली आणि एच-प्याद्याची तर लिचेसच्या टेबलबेसमध्ये आहेतच, तिथे सात मोहऱ्यांपर्यंत प्रत्येक चालीपुढे जिंकलं, हरलं की ड्रॉ ते अचूक लिहून येतं. पण टेबलबेस शेवटी उघडा. आधी स्वतः कागदावर लिहा कुठली चाल आणि का, मग ताडून बघा. ब्रेकथ्रूच्या पोझिशनमध्ये मोहरी आठ, तिथे एंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारा.

नंतर स्वतःचे जुने डाव काढा. ज्यात पॉन एंडिंग आली तेवढेच, आणि त्यातही फक्त एकच गोष्ट शोधा: राजे भिडलेले नसताना दुसऱ्या बाजूला तुम्ही प्याद्याची कुठली चाल उगाच केली. ती चाल काढून टाकून, म्हणजे ते प्यादं एक घर मागे ठेवून, तीच पोझिशन एंजिनला परत द्या आणि कोण किती पुढे आहे हे दाखवणारा त्याचा आकडा बदलतो का बघा.